होडीतली जागा

६ जानेवारी २०१९, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठे दुखतं, किती दुखतं ते रोज लिहा, एक ते दहा आकडे द्या आणि उन्हाळ्यात वही घेऊन या. घ्या. उजवा अंगठा सात. डावं मनगट पाच. गुडघे मी धरत नाही, ते घराण्यातूनच आलेत. चाळीस वर्षं जाड चामड्यातून दाभण ओढणाऱ्या बाईचा अंगठा दुखणार नाही तर काय नाचणार?

आज मात्र अंगठ्यापेक्षा एका पत्राने जास्त दुखलं. हाब्बोच्या निवासातून आलंय. डॉक्टरीणबाई वाचणार म्हणून सांगते, हाब्बो माझा धाकटा भाऊ. चोपन्न वर्षांचा आहे, पण जन्मताना गळ्याभोवती नाळ अडकली आणि त्याचं डोकं आपल्याच चालीने चालायला लागलं. तो त्याच्यासारख्या माणसांसाठीच्या निवासात राहतो, तिथल्या कारखान्यात स्क्रू मोजून पाकिटात भरतो, आणि एप्रिल ते ऑक्टोबर दर रविवारी माझ्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून फिरायला येतो. साइडकारला आम्ही होडी म्हणतो. ती बाबांनी त्याच्यासाठी स्वतः बांधली. मी तेव्हा ब्रेमेन शहरात कामाला होते. बाबा गेले, मी गावी परत आले, आणि तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं आमचा एक रविवार चुकलेला नाही. पावसाचासुद्धा नाही.

पत्र निवासाच्या प्रमुख बेहरेंड्सबाईंचं. शरदात हाब्बोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बसला की तो उजवीकडे घसरतो. तेव्हा अंग धरून ठेवणारी बैठक, चार टोकांचे पट्टे, हनुवटी झाकणारं हेल्मेट, आणि खांदे, कोपर, पाठ यांना कवच असलेलं जॅकेट, एवढं केलं तरच त्याला गाडीवर पाठवता येईल. मे महिन्याच्या फेरीपर्यंत मुदत. दर वर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी आसपासचे सगळे साइडकारवाले निवासातल्या लोकांना समुद्राच्या बांधापर्यंत फिरवून आणतात, ती फेरी.

बारा मेला हाब्बो होडीत बसला नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही. मग रविवारी मी काय करायचं? म्हणजे त्याने काय करायचं?

१३ जानेवारी, रविवार

अंगठा सहा. गाडी शेडमध्येच आहे आणि तिथेच राहणार. माझ्या नंबरपाटीवर ०४ आणि १० असं छापलंय, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. मधले महिने रस्त्याला चाक लागलं तरी दंड. कर वाचतो म्हणून इथे निम्म्या लोकांनी अशीच पाटी घेतलेली असते. त्यामुळे सगळं काम उभ्या गाडीवर करायचं, आणि चालवून बघायचं ते थेट एप्रिलमध्ये.

आज जुनी बैठक उसवली. झिजलेल्या चामड्यावरून मला माणूस ओळखता येतो. बढाई नाही, धंदाच तो आहे. ट्रॅक्टरची सीट माझ्याकडे आली की मालकाचा कुठला पाय दुखतो ते मी त्याच्याआधी सांगते. होडीच्या काठावर आजवर मी दोनदा नवं चामडं चढवलं, आणि आता तिसऱ्यांदा पाहते तर तेच. हात पोचतो तिथे दोन्ही बाजूंना नखं रुतून रुतून आतल्या लाकडापर्यंत भोकं. बैठकीचा पुढचा भाग कोरा, आणि पाठ टेकते तिथलं चामडं मात्र पापुद्र्यासारखं पातळ झालेलं. किती जीव लावून बसतो माझा भाऊ! वाटेत डोळे मिटून गातोही असा की इंजिनाच्या वर आवाज. कुणाला कशाची एवढी आवड असलेली मी तरी पाहिलेली नाही.

एनो येऊन गेला. तो शाळेपासूनचा मित्र, आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि फेरीचं सगळं तोच बघतो. बैठकीखालचा लोखंडी सांगाडा तो करून देणार आहे. काठाची भोकं बघून म्हणाला, “अगं, ही काय मांजर बांधून ठेवली होतीस?”

मी म्हटलं, “तुला नाही कळायचं, तुला कशाचीच आवड नाही.”

“आहे की. तुझ्या हातचा चहा. पण तू तिसरा कप विचारत नाहीस.”

विचारला मग. घेतलाही मेल्याने.

२३ जानेवारी, बुधवार

ताप. सगळीकडे आठ. निवासात फोन केला की मला येता येणार नाही, हाब्बोची मापं कुणीतरी घेऊन पाठवा. डोकं, खांदे, कंबर, पाठीची लांबी, गुडघ्यापासून टाच.

२९ जानेवारी, मंगळवार

मापांचा कागद आला. हाब्बोच्याच अक्षरात, एकेक आकडा अंगठ्याएवढा. डोकं चोपन्न, खांदे सदतीस. ऑपरेशननंतर तो बारीक झालाय असं बेहरेंड्सबाई म्हणाल्या होत्या, पण एवढा? दवाखान्यात काय उपाशी ठेवलं होतं की काय? डोकंसुद्धा कुणाचं वाळतं का? पण आकडे स्वच्छ आहेत, आणि स्क्रू मोजताना हाब्बोची कधी चूक होत नाही हे कारखान्यातले सगळे सांगतात. अंगात कणकण होती, पुन्हा फोन करायचा कंटाळा आला. कागदावरून कापायला घेतलं.

बाबा असते तर ओरडले असते. माणूस समोर असल्याशिवाय ते चामडं कापायच्या रापीला हात लावत नसत.

९ फेब्रुवारी, शनिवार

झाली फजिती. दोन आठवडे खपून बैठक केली. दोन्ही कुशींना आधार, मानेमागे उशी, मांड्यांमध्ये एक उंचवटा म्हणजे माणूस पुढे घसरणार नाही. हाब्बोला आणून बसवलं तर बसलाच नाही. बुचासारखा वरच अडकला. एनो भिंतीला टेकून हसत होता.

मी म्हटलं, “हाब्बो, ही कुणाची मापं दिलीस रे?”

“बरोबर आहेत,” तो म्हणाला. “मी दोनदा मोजलं.”

“बरोबर आहेत तर तू मावत का नाहीस?”

“इम्के मावेल.”

इम्के म्हणजे त्याच्या शेजारच्या खोलीतली. तिशी ओलांडलेली असेल, चाकाच्या खुर्चीत असते, हातपाय तिचं ऐकत नाहीत, आणि एकेक शब्द तोंडातून काढायला तिला वेळ लागतो. हाब्बोला हल्ली सगळं इम्केला द्यायचं असतं. पुडिंग तिला, खिडकीची जागा तिला, मी विणलेली टोपी तिला. मी म्हटलं, “आधी तुझं बघू दे मला.” तो खाली उतरला आणि बैठकीवरून हात फिरवत म्हणाला, “ही फेकायची नाही हं ताई.”

फेकते कशाला. एवढं चामडं. फळीवर ठेवली. आता पुन्हा पहिल्यापासून, आणि मापं मी घेतली. डोकं साठ. अंगठा आठ.

२ मार्च, शनिवार

हेल्मेटसाठी लेअर गावातल्या दुकानात. पूर्ण बंद हेल्मेट त्याला घुसमटवतं, उघडं बेहरेंड्सबाईंना चालत नाही, म्हणून हनुवटीची झडप वर उचलता येते ते घ्यायचं असं मी घरूनच ठरवलं होतं. दुकानातली पोरगी शहाणी निघाली. सगळ्यात महाग ते पुढे केलं नाही. म्हणाली, गाल दाबले गेले पाहिजेत पण कपाळ नाही, आणि घालून दहा मिनिटं बसवा, दोन मिनिटांत काही कळत नाही.

सहा हेल्मेटं झाली. हाब्बो शहाण्यासारखा प्रत्येकात दहा मिनिटं बसला आणि प्रत्येकाला “घट्ट” म्हणाला. सहावं तर दोन मापं मोठं होतं, आत वारा खेळत होता, तेही घट्ट. मग स्वतःच उठून लहान मापांच्या फळीकडे गेला आणि एक लाल उचलून आणलं. “हे घे.”

“अरे, ते बायकांच्या मापाचं आहे. तुझ्या कानापर्यंतसुद्धा यायचं नाही.”

“पण लाल आहे.”

दुकानभर लोक. माझे गुडघे तुटायला आलेले. मी चढ्या आवाजात म्हटलं, “हाब्बो, पुरे आता.” त्याने ते परत फळीवर ठेवलं. तिसऱ्या क्रमांकाचं, साठ मापाचं पांढरं घेतलं. मी हिशेब चुकता करत असताना तो त्या पोरीशी बराच वेळ काहीतरी कुजबुजत होता, तिने कागदावर लिहून घेतलं. माझी तक्रार करत असेल. करू दे.

जॅकेट मात्र बरं मिळालं. मी जन्मभर चामड्याची बाजू घेत आले, पण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, चामड्यात तो शिरणारच नाही, तेव्हा कापडी घेतलं. आता त्याची कुशीची शिवण उसवून बगलेपासून कमरेपर्यंत चेन बसवायची, म्हणजे हात वर न करता अंगात घालता येईल. कोपराचं कवच दोन बोटं खाली सरकवायचं. हे असं काम मला आवडतं. त्यात काही तरी सुचतं.

१६ मार्च, शनिवार

आज बरा दिवस. अंगठा सहा, पण चालेल.

दुसरी बैठक तयार, पट्टे बसले, बकल असं की हाब्बोला एका हाताने उघडता येतं. एनोने सांगाडा चार बोल्टांवर ठेवलाय, बैठक काढून दुसरी ठेवायला पाच मिनिटं पुरतात. हाब्बो जॅकेट, हेल्मेट, सगळं घालून आत बसला आणि दीड तास उतरलाच नाही. शेडमध्येच चहा घेतला, केक खाल्ला, मला कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, कोण कुणाशी भांडलं, कुणाची पाकिटं कमी भरली. हेल्मेटबद्दल एक शब्द नाही. काठाला हातसुद्धा लावला नाही, नवं चामडं म्हणून जपत असेल. इतका खुशीत मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता.

मी म्हटलं, “इंजिन सुरू करू का जरा? आवाज ऐकशील?”

“नको, नको. पेट्रोल वाया जाईल.”

तो गेल्यावर शेडमध्ये बसून राहिले. एवढे महिने उगाच काळजी केली.

४ एप्रिल, गुरुवार

तपासणीला नेली. नवी बैठक आणि पट्टे गाडीच्या कागदांत चढवून घ्यावे लागतात, नाहीतर रस्त्यात पोलीस उतरवतात. तपासनीस चांगला शंभर किलोचा. चारी पट्टे लावून आत बसला आणि अंग बाहेर झोकून द्यायला लागला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग उतरला आणि विचारलं, “शिवण कुणाची?” मी म्हटलं, माझी. “माझ्या सोफ्याचं जरा बघाल का?” शिक्का मारला. सोफा मी बघणार नाही.

७ एप्रिल, रविवार

यंदाच्या मोसमातला पहिला रविवार. हाब्बो निवासाच्या दारातच होता. रात्री पोट बिघडलं म्हणाला. ते दर वर्षीचंच आहे, उत्साहाने त्याला झोप लागत नाही. सगळं अंगावर चढवलं, पट्टे आवळले, निघालो. गाव संपायच्या आतच त्याने गायला सुरुवात केली. पुलापर्यंत गायला, मग एकदम गप्प. वळून पाहिलं तर काचेमागे तोंड पांढरंफटक आणि दोन्ही हातांनी काठ धरलेला. मी गाडी कडेला घेतली, पण झडप उघडेपर्यंत उशीर झाला होता.

नवं हेल्मेट, नवं जॅकेट, सगळं ओकारीने बरबटलं. तो “सॉरी ताई, सॉरी ताई” करत राहिला. मी त्याचं तोंड पुसलं, म्हटलं, तुझा काय दोष, हे हेल्मेटच भिकार आहे. आत हवाच खेळत नाही. पुलावर वारा असा की उभं राहवत नव्हतं. अर्ध्या तासात परत आलो. त्याला उतरवून दिलं आणि वळून बघते तर तो एका हाताने भिंतीला धरून पायऱ्या चढत होता.

९ एप्रिल, मंगळवार

अंगठा नऊ. एनो आला, मी हेल्मेटचं अस्तर काढत होते. पातळ बकरीचं चामडं आणलंय, त्याला बारीक भोकं पाडून आतून लावणार, म्हणजे गारवा राहील. एनो बराच वेळ बघत होता.

“थेडे, एक विचारू? तू त्याला कधी विचारलंयस का?”

“काय?”

“यायचंय का म्हणून.”

“जे मला ठाऊक आहे ते काय विचारायचं? एक दिवस ये त्याचं गाणं ऐकायला.”

“ऐकलंय,” तो म्हणाला. “मीही गातो. दात काढायला जातो तेव्हा.”

मी त्याला घालवून दिलं. तिसरा कप विचारला नाही. याला ना भाऊ ना बहीण, आणि आम्हाला शिकवतो.

२८ एप्रिल, रविवार

तीन रविवार गेलो नाही. एकदा पाऊस, एकदा ईस्टर, एकदा हाब्बो म्हणाला की कारखान्यातलं काम आहे. रविवारी? पण म्हणाला खरा. एवढी वर्षं कधी चुकलं नाही आणि आता सलग तीन. काही सुचत नाही. सकाळी दहाला जॅकेट घालून ओट्यापाशी उभी राहिले, मग काढून ठेवलं.

अस्तर झालं. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात नाजूक काम. मनगट आठ. बोटं मिटत नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलते. एकसष्ट वर्षांची मी, आणि खरं सांगायचं तर थकले आहे. हे एकदा लिहून टाकते, डॉक्टरीणबाईंना आकड्यांतून कळायचं नाही. कुणी म्हणालं असतं की थेडे, सोड आता, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते, पण रात्री झोप चांगली लागली असती.

पण हाब्बोचं काय? त्याला आयुष्यात दुसरं आहे काय?

११ मे, शनिवार

सकाळी बेहरेंड्सबाईंना फोन केला की हाब्बोला उद्या नऊला तयार ठेवा. त्या म्हणाल्या, “थेडाबाई, हाब्बोचा अर्ज कुठे आलाय? तुमच्या होडीत इम्के आहे ना?”

मी म्हटलं, “कोण इम्के?” माहीत असून म्हटलं.

“तिच्या आईची सही फेब्रुवारीतच आली. हाब्बोच घेऊन आला होता. तुम्ही तिच्यासाठी बैठक केलीत म्हणाला. हेल्मेटही त्याने आपल्या पगारातून आणलंय तिला, लाल. मार्चमध्येच दुकानातून आलं. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे.”

मी तशीच निघाले. हाब्बो इम्केच्या खोलीत होता, दोघं सोंगट्या खेळत होते. तिच्या सोंगट्याही तोच हलवत होता, ती डोळ्यांनी सांगेल तशा.

“हाब्बो, उद्याचा अर्ज का नाही दिलास?”

“मला नाही यायचं.”

“बरं नाहीये का?”

“बरं आहे. यायचं नाही.”

“अरे, हेल्मेटचं अस्तर बदललंय मी. हात लावून बघ, लोणी आहे लोणी.”

“हेल्मेट चांगलंय ताई. होडी नको. रस्ता पळतो. मला भीती वाटते.”

“ही कधीपासून तुझी भीती?”

त्याने सोंगटी खाली ठेवली. “पहिल्यापासून.”

मग तो घाईघाईने म्हणाला, “इम्केला नाही वाटत. मी तिला तीनदा विचारलं. तिला यायचंय. ती बसेल तुझ्याजवळ. दर रविवारी. मी डोकं मोजलं, खांदे मोजले, सगळं.” इम्के माझ्याकडे बघत होती आणि मान हलवायचा प्रयत्न करत होती.

मला राग आला. लिहायलाच हवं, कारण नंतर मी स्वतःला वेगळं सांगेन. मी त्या दोघांसमोर ओरडले. माझे हात बघ, म्हटलं, हे बघ काय झालेत, कुणासाठी केलं मी हे सगळं, एकदा तोंड उघडायला काय झालं होतं तुला? इम्के दचकली. हाब्बो तिच्या खुर्चीसमोर उभा राहिला. मी बाहेर कारमध्ये जाऊन बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

दुपारी शेडमध्ये मोठी बैठक काढली आणि फळीवरची लहान खाली उतरवली. एनो आला, बोल्ट आवळू लागला. मी म्हटलं, “हाब्बो येत नाहीये.” तो “हं” म्हणाला. एकही टोमणा मारला नाही, त्यावरून कळलं की त्याला कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं.

जाताना मीच विचारलं, “सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

खरं आहे. हातोडा फेकून मारला असता.

१२ मे, रविवार

फेरी झाली. अंगठ्याचं आज लिहीत नाही.

इम्केला तिच्या आईने आणि मी उचलून आत ठेवलं. बैठक तिच्या अंगाला अशी लागली की कुठे बोट शिरायला जागा नाही. पट्टे तेवढे सरकवावे लागले. लाल हेल्मेट, लहान मुलाचं वाटेल असलं जॅकेट. आईने तीनदा तपासलं, मग माझा हात धरला. बत्तीस वर्षांत मुलीला कुठल्या गाडीवाल्याने घेतलं नव्हतं, कारण कुठल्याच बैठकीत ती नीट बसू शकत नव्हती. हे मला एनोने मागून सांगितलं.

हाब्बोला पिवळा अंगरखा आणि हातात लाल-पांढरी दांडी दिली होती, रस्ता अडवायला. सत्तावीस गाड्या सुटेपर्यंत त्याने एका दुधाच्या टँकरला हलू दिलं नाही. मी शेजारून गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, काम चालू होतं ना.

बांधाच्या सरळ रस्त्याला लागल्यावर इम्के किंचाळली. मी वेग कमी केला. ती काठावर मूठ आपटायला लागली. थांबून झडप उघडली तर ती डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. एवढं मोठं तोंड करून एकेक अक्षर काढलं तिने, “जो... रात.” मग जोरात. वारा समोरून, मेंढ्या पळतायत, एनो मागून हॉर्न वाजवतोय की रांग मोडू नको, आणि ती दोन्ही हात जातील तेवढे वर करून ओरडतेय. मी शेजारी बघितलं की मला ती दिसायची, आणि प्रत्येक वेळी मी हाब्बोला शोधायचे. इतकी वर्षं मान तशीच वळायची सवय.

परत आल्यावर निवासाच्या अंगणात वाटाण्याचं सूप होतं. हाब्बो अंगरख्यासकट जेवत होता. मी त्याच्याजवळ बसले. कालची माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे. मग मी विचारलं, “मग इतकी वर्षं बसायचास कशाला रे?”

त्याने आधी तोंडातलं संपवलं.

“बाबांना सांगितलं होतं मी. दोनदाच गेलो. मग बाबांनी होडीवर ताडपत्री घातली.”

हे मला माहीत नव्हतं. ताडपत्री धुळीसाठी आहे असं मी समजत होते.

“मग बाबा गेले,” तो म्हणाला. “मग तू आलीस. तू सारखी रडायचीस. स्वयंपाकघरात. शेडमध्ये. जेवतानापण. मग एकदा तू ताडपत्री काढलीस आणि म्हणालीस, चल हाब्बो, जाऊ. आणि गाडीवर तू नाही रडलीस.”

मी त्याच्या अंगरख्यावर सांडलेला वाटाणा झटकला.

“म्हणून मग पुढच्या रविवारी पण आलो,” तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षं मी गावभर सांगत आले की माझे रविवार मी भावाला दिलेत. लोक म्हणायचे, धन्य आहे थेडाची. मला ते ऐकायला आवडायचं.

त्याने विचारलं, “आता रडतेस का गं अजून?”

मी म्हटलं, नाही. त्याने चमचा खाली ठेवला, माझ्या तोंडाकडे वाकून नीट बघितलं, खात्री करून घेतली, आणि मगच तो उठून दुसऱ्यांदा सूप आणायला गेला.